कर्ज डोईजड झालंय, नादारी घ्यावी का? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नादारी म्हणजे आपण कर्ज फेडू शकत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेणं. ही उत्तरं नाशिक शहरात आणि जिल्ह्यात राहणाऱ्या पगारदार, छोटे दुकानदार, कारागीर अशा कुटुंबांसाठी आहेत. कंपनी बुडणं हा वेगळा विषय. तो इथे नाही. शेतीकर्जाचाही फक्त ओझरता उल्लेख आहे. कोर्टाची किंवा बँकेची नोटीस हातात पडली असेल तर हे वाचून थांबू नका. तो कागद त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा, कारण नोटिशीतली मुदत कुणासाठी थांबत नाही.

हप्ते थकायला लागलेत. सुरुवात कुठून करू?

नवीन कर्ज न घेण्यापासून. मग एका कागदावर सगळी यादी करा आणि ती नवरा-बायको दोघांनी मिळून करा. बहुतेक घरांत अर्धी कर्जं एकाला माहीत असतात आणि अर्धी दुसऱ्याला.

अंबडला कंपनीत कामाला असलेल्या आणि सिडकोत राहणाऱ्या एखाद्या घराची यादी साधारण अशी निघते: फ्लॅटचं गृहकर्ज, दुचाकीचा हप्ता, पतसंस्थेचं जामिनावरचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं, मोबाइलच्या अॅपवरून घेतलेले वीस हजार, बायकोच्या नावावर गटाचं कर्ज, सोनं गहाण ठेवलेली पावती आणि मेहुण्याकडून हातउसने. भिशी आधीच उचललेली असेल तर तीही या यादीत घ्या. लोक तिला बचत समजतात, पण उचलल्यानंतरचे राहिलेले सगळे हप्ते कर्जच असतात.

प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहा: आज एकूण बाकी किती, व्याज किती, तारण काय, जामीनदार कोण, आणि कोरे चेक किंवा सही केलेले स्टॅम्प कुणाकडे अडकलेत. शेवटचा रकाना लोक टाळतात, आणि पुढे सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो.

सगळे हप्ते भरणं शक्य नाही. आधी कुणाचा भरू?

जो सर्वांत जास्त फोन करतो त्याचा नाही. फोन जास्त येतात ते बहुतेक विनातारण कर्जाचे, कारण तारण नसल्यामुळे वसुलीवाल्याच्या हातात फोनशिवाय फारसं काही नसतं. आधी किराणा, लाइट बिल, शाळेची फी, औषधं आणि घरभाडं. त्यानंतर राहत्या घराचा हप्ता, आणि ज्या गाडीवर पोट चालतं त्या गाडीचा. मग जामीनदार असलेलं कर्ज, कारण तिथे तुमच्यामुळे दुसऱ्याच्या पगाराला कात्री लागते. कार्ड आणि अॅप सर्वांत शेवटी.

हा क्रम ऐकून काही जण दचकतात. कार्ड थकलं तर सिबिल खराब होईल म्हणून घराचा हप्ता चुकवून कार्ड भरणारे लोक आहेत. ते उलटं आहे.

कार्डची मिनिमम रक्कम दर महिन्याला भरतोय, तरी बाकी हलत का नाही?

एक लाखाची बाकी आणि महिना साडेतीन टक्के व्याज धरा. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये. तुम्ही ५,००० भरलेत, त्यातले ४,१३० इथेच गेले. मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी, आणि तेही महिनाभर कार्ड एकदाही घासलं नसेल तर. अशा कार्डाची बाकी एकतर हप्त्यांत बदलून घ्यायची किंवा तडजोडीत संपवायची. मिनिमम भरत राहणं हा मार्ग नाही.

सगळी कर्जं मिळून एक मोठं कर्ज काढलं तर?

व्याज खरंच कमी होत असेल आणि जुनी कार्डं त्याच दिवशी बंद होणार असतील, तर काढा. पण पन्नास हजाराच्या कार्डासाठी घरावर टॉप-अप (गृहकर्जावर वाढीव कर्ज) घेणं म्हणजे विनातारण कर्जाला स्वतःच्या हाताने घराचं तारण देणं. तसंच पीएफचं. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम यांवर दिवाणी कोर्टाचीही जप्ती येत नाही. कायद्याने जे सुरक्षित ठेवलंय ते मोडून कार्डवाल्याला देण्याआधी दहादा विचार करा.

वसुलीवाले घरी येतात, शेजाऱ्यांना सांगतात, ऑफिसात फोन करतात. चालतं का हे?

नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, शिवीगाळ आणि चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही. गटाच्या म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला वेळ आणखी आखडती आहे: सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. रोख पैसे देऊ नका. कॉल रेकॉर्ड ठेवा.

तक्रार आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन करता येते. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. अॅपवाल्याने फोटोत छेडछाड करून तुमच्या ओळखीच्यांना पाठवले तर तो सायबर गुन्हा आहे. १९३० वर फोन करा आणि पोलिसांत जा.

या फोनांमुळे घरातल्या कुणाला जगणं नको वाटत असेल तर आधी १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. कर्जाचं नंतर बघता येतं.

कर्ज फेडलं नाही तर जेल होते का?

निव्वळ कर्ज थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. वसुलीवाला फोनवर ‘वॉरंट निघालंय’ म्हणतो तेव्हा त्याला केस नंबर विचारा.

पण दोन ठिकाणी सावध राहा. तुमचा चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ कलमाखाली खटला होतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर खटला उभा राहत नाही. खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता परतला तरी तशीच तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात आहे. दुसरं म्हणजे, कोर्टाचा समन्स घेऊनही तारखेला न जाणं. अटक होते ती बहुधा त्यापायी.

दिवाणी हुकूमनाम्याच्या (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) वसुलीत ‘दिवाणी कैद’ आहे. पण केवळ गरीब आहे म्हणून कर्जदाराला आत टाकता येत नाही, त्याच्याकडे पैसे असून तो लबाडी करतोय असं दिसावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. स्त्रियांना तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करताच येत नाही.

पगारातून किती कापू शकतात?

कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून जप्ती आली तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग सोडावा लागतो. पगार २५,००० धरला तर १७,००० हात न लावता तुमचे, फार तर ८,००० जप्तीत. पोटगीच्या हुकमाला हिशेब वेगळा आहे. घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारंही जप्त होत नाहीत. पावती न देता टीव्ही उचलून नेणारा माणूस कोर्टाचा नसतो.

पतसंस्थेने ‘१०१ चा दाखला’ काढलाय. आता?

पतसंस्थांचं जाळं असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न बँकेच्या नोटिशीपेक्षा जास्त घरांना भिडतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या १०१ कलमाखाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधक वसुली दाखला देतात. त्यासाठी संस्थेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. एकदा दाखला मिळाला की संस्थेचा वसुली अधिकारी थेट जप्ती, लिलाव आणि पगारातून कपात याच्या मागे लागतो, आणि कर्जदार व जामीनदार दोघांच्याही. जामीनदाराला ‘आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या’ असं म्हणता येत नाही. करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

दाखला निघण्याआधी निबंधकांकडून म्हणणं मांडायची नोटीस येते. तीच खरी संधी. त्या तारखेला खातेउतारा घेऊन जा, भरलेले पण न लागलेले हप्ते दाखवा, व्याज कसं लावलं ते लेखी विचारा. ‘जाऊन काय होणार’ म्हणून घरी बसलात तर पुढची वाट महाग आहे: दाखल्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. निम्मे पैसे असते तर माणूस इथवर आलाच नसता, पण कायदा तसा आहे.

गृहकर्ज थकलंय. बँक घर कधी ताब्यात घेते?

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून हरकत जरूर घ्या, आणि त्यात तडजोडीचा ठोस प्रस्तावही घाला. ६० दिवसांनंतर दारावर ताबा नोटीस चिकटते आणि पेपरात छापून येते. हा बहुतेक वेळा कागदोपत्री ताबा असतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत सगळी थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवता येतं, त्यानंतर तो हक्क उरत नाही.

शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. दिंडोरी-निफाडकडच्या वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं की सहकारी संस्थेकडे वर सांगितलेला १०१ चा रस्ता असतोच.

माझं स्पष्ट मत: पुढच्या वर्षभरात उत्पन्न वाढायची खरी शक्यता नसेल तर लिलावाची वाट पाहू नका. बँकेचं पत्र घेऊन फ्लॅट स्वतः विका. लिलावात भाव पडतो, खर्च वर बसतो आणि तरी बाकी उरली तर ती तुमच्याच डोक्यावर राहते. भाड्याच्या घरात जाणं लाजिरवाणं नाही. चार लोक चार दिवस बोलतील.

खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेत. त्याने कोरे चेक आणि जागेचं खरेदीखत करून घेतलंय.

पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपलीकडे घेता येत नाही. शेतकऱ्यांसाठी हेच दर ९ आणि १२ आहेत. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारी केली तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. बेकायदा सावकारीत खरेदीखत करून जमीन किंवा घर गेलं असेल तर चौकशी होऊन ती मिळकत परत देण्याचा आदेश करण्याचे अधिकार त्यांना कलम १८ खाली आहेत. पुरावा गोळा करा: फोनपेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, डायरीतली पानं. मारायची धमकी असेल तर आधी पोलीस ठाणं.

बँक ‘सेटलमेंट’ म्हणतेय. घ्यावं का?

एकरकमी पैसे उभे राहत असतील तर घ्या, पण पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं, एजंटच्या मेसेजवर नको. त्यात तुमचा पूर्ण खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायच्या तारखा आणि ‘ही रक्कम भरल्यावर या खात्यात काहीही येणं राहणार नाही’ असं वाक्य हवं. कोर्टात केस असेल तर ती मागे घेण्याचा उल्लेख हवा, दिलेले चेक परत करण्याचाही. एक हप्ता चुकला तर सेटलमेंट रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या बाकीत जमा धरले जातात. म्हणून झेपेल तेवढंच कबूल करा. पैसे थेट कर्जखात्यात भरा, नो ड्यूज पत्र घ्या.

‘तुमचं कर्ज निम्मं माफ करून देतो, आधी आमची फी भरा’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून लांब राहा. ते जे पत्र लिहितात ते तुम्हीही लिहू शकता.

नाशिकमध्ये राहणाऱ्या सामान्य माणसाला नादारी जाहीर करता येते का?

येते. मुंबई शहराला १९०९ चा कायदा आहे, पण नाशिकला प्रांतिक नादारी कायदा १९२० लागू होतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो. सीबीएसजवळच्या त्याच कोर्टात. अट अशी की तुम्ही कर्ज फेडायला असमर्थ असायला हवं, आणि कर्ज ५०० रुपये तरी हवं, किंवा हुकूमनाम्यात तुम्हाला अटक झालेली हवी, किंवा मिळकतीवर जप्ती आलेली हवी. ५०० हा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हसू नका.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत (आयबीसी) व्यक्तींसाठी नवीन, सोपी पद्धत लिहिलेली आहे. पण ती सामान्य व्यक्तींसाठी लागूच केलेली नाही. १ डिसेंबर २०१९ पासून ती फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. समाजमाध्यमांवर ‘आयबीसीमध्ये कर्ज माफ’ असं सांगणारे व्हिडिओ हा फरक गाळून टाकतात.

अर्ज केल्यावर नेमकं काय होतं?

अर्जात सगळी कर्जं, सगळे धनको (ज्यांचं देणं आहे ते) आणि सगळी मिळकत लिहावी लागते. धनकोंना नोटीस जाते, ते हरकत घेतात. कोर्टाने नादार ठरवलं की तुमची मिळकत कोर्टाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. तो ती विकून पैसे धनकोंत वाटतो. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय विनातारण धनकोला तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. जप्तीतून वगळलेल्या वस्तू इथेही वगळलेल्या असतात. पण मुक्तता (उरलेल्या कर्जातून कोर्टाने केलेली सुटका) मिळेपर्यंत नव्याने काही मिळकत आली, वारसाहक्काने जरी आली, तरी तीही रिसीव्हरकडे जाते.

मग मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी कोर्टाने मुदत घातलेली असते आणि ती चुकवली तर सगळी नादारीच रद्द होऊ शकते. तुमच्या मिळकतीतून विनातारण कर्जाचे रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर त्यात तुमचा दोष नव्हता हे कोर्टाला पटवावं लागतं. आजारपण, कंपनी बंद पडणं हे पटवता येतं. सट्टा, जुगार, उधळपट्टी यातून कर्ज झालं असेल तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये पैसे घालवलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नादारीने काय सुटत नाही?

गृहकर्ज. तारण असलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क तसाच राहतो, म्हणजे घर वाचवायला नादारी घेणं फोल आहे. सरकारी देणी आणि पोटगीही सुटत नाहीत, आणि फसवणुकीतून झालेलं कर्जही. जामीनदारही सुटत नाही: तुम्ही मोकळे झालात तरी पतसंस्था त्याच्या दारात उभी राहू शकते. नादार असेपर्यंत ते न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं गुन्हा आहे. नगरसेवक, आमदार, खासदार होता येत नाही.

मग ती कुणी घ्यावी?

फार थोड्यांनी. ज्याच्यावर विनातारण कर्ज प्रचंड आहे, नावावर जवळजवळ काही नाही, अनेक धनकोंनी एकाच वेळी हुकूमनामे आणलेत आणि जामिनात कुणी अडकलेलं नाही, अशा माणसाला तिचा उपयोग होतो. बाकीच्यांना वर्षानुवर्षं तारखा मिळतात. नाशिकमधल्या पगारदार घराला बहुतेक वेळा यादी, लेखी तडजोड आणि लोकअदालत यातूनच वाट निघते.

फ्लॅट आधीच बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून ठेवला तर?

मुद्रांक नाममात्र लागतो म्हणून हा सल्ला कट्ट्यावर सर्रास मिळतो. बँकेकडे गहाण असलेला फ्लॅट तर असा हलतच नाही. मोकळी मिळकत असली तरी धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. नादारी कायद्यात मागच्या दोन वर्षांतली बक्षिसं उघडली जातात. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून मेहुण्याचे पैसे मुद्दाम आधी फेडले असतील, तर तो व्यवहारही. वर लबाडीचा शिक्का बसतो, आणि मग प्रामाणिक अडचणही कुणी ऐकत नाही.

नवऱ्याचं कर्ज बायकोला किंवा मुलांना फेडावं लागतं का?

त्यांची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नसेल तर नाही. बायकोचं स्त्रीधन नवऱ्याच्या कर्जापोटी घेता येत नाही. माणूस गेल्यावर वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू मुलाने वडिलांचं कर्ज केवळ धर्म म्हणून फेडावं, हे कायद्यानेही उरलेलं नाही. दहाव्याच्या आत कागदावर सह्या घ्यायला येणारे असतात. त्यांना तेराव्यानंतर या म्हणावं, आणि त्याआधी कर्जाला विमा होता का ते शोधावं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोनही करता येतो. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, बँकांचे अधिकारी तिथे तडजोडीच्याच तयारीने बसतात. पण तिथे झालेल्या निवाड्याविरुद्ध अपील नाही, तेव्हा आकडा ठरवूनच खुर्चीत बसा.

सेटलमेंट केल्यावर पुन्हा कर्ज मिळेल का?

सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा काही वर्षं दिसतो आणि बँका त्याकडे नाक मुरडतात. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. तो काढून संपलेलं खातं अजून थकीत दाखवलंय का ते तपासा, चूक असेल तर नो ड्यूज पत्र जोडून दुरुस्ती मागा. गृहकर्ज पूर्ण फिटलं असेल तर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं मिळायला हवीत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते, आणि ती लेखीच मागा.